बोकड होऊ न देता क्लॅरोनेटचा सूर हलवायचा कसा

आधी माझी फजिती सांगतो. मी १९ लगीनसराया बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवलं. त्यातल्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच मला सूर हलवायचा नाद लागला. आमच्या वस्तादांकडे मास्टर इब्राहिम यांनी क्लॅरोनेटवर वाजवलेल्या सिनेगीतांच्या जुन्या तबकड्या होत्या. त्या ऐकून ऐकून मी एवढंच शिकलो की सूर हलला की गोड लागतो. ते कुठला सूर हलवतात आणि कुठला नाही, हे काही कानात शिरलं नाही. मग मी सगळेच हलवायला लागलो. एका हळदीला कुणीतरी टेप लावून आमचा बँड भरून घेतला. दुसऱ्या दिवशी मी ती कॅसेट मोठ्या हौसेनं घरी लावली. आई चुलीपुढे भाकरी थापत होती. तिनं मान वरसुद्धा केली नाही. म्हणाली, "बघ रे जरा, बोकड सुटलाय वाटतं."

आता मी गावात चार-पाच पोरांना शिकवतो आणि दर वर्षी एक तरी बोकड माझ्या ओसरीवर ओरडतोच. म्हणून हे लिहून ठेवतोय.

ज्याला व्हायब्रेटो म्हणतात तो कंप म्हणजे एवढंच: लांबवलेला सूर जागेवरून किंचित सरकतो, परत जागेवर येतो आणि हे सेकंदाला पाच-सहा वेळा होतं. कानाला दोन सूर ऐकू येत नाहीत, एकच सूर जिवंत झाल्यासारखा वाटतो. सेकंदाला चारच्या खाली गेलात तर सूर लडखडतो, सातच्या वर गेलात तर आमचा बोकड. आंदोलन ही गोष्ट वेगळी. ते संथ असतं आणि ते रागाचं असतं, वाजवणाऱ्याच्या मर्जीचं नसतं. दरबारीचा कोमल गंधार, भैरवाचे कोमल रिषभ-धैवत झुलवायचे ते रागानं सांगितलंय म्हणून. कंप हा सुराच्या पोताचा भाग आहे. घातला तर घातला, नाही तर नाही. ही दोन कामं वेगळ्या अवयवांनी करायची असतात, म्हणून सुरुवातीलाच वेगळी काढतोय. आंदोलनाकडे पुढे येतो.

क्लॅरोनेटवर कंप हवा की नको यावर गोऱ्या लोकांतही एकमत नाही, हे मला फार उशिरा कळलं. व्हायोलिन, बासरी, ओबो (सनईच्या जातीचं वाद्य) यांना तो चालतो, पण जर्मनी-ऑस्ट्रियाच्या ऑर्केस्ट्रांत क्लॅरोनेट सरळच वाजवायची रीत. बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये १९५९ पासून पुढे तीसहून जास्त वर्षं मुख्य क्लॅरोनेट वाजवणारे कार्ल लाइस्टर ऐका. सूर ताणलेल्या तारेसारखा, कुठेही थरथर नाही, आणि तरी कोरडा नाही. उलट इंग्लंडचे रेजिनाल्ड केल उघडउघड कंप घेऊन वाजवायचे. ओबोवादक लिऑन गूसेन्स यांच्या वाजवण्याचा त्यांच्यावर परिणाम झाला होता. त्या कंपावरून केलनी टीकाही सोसली. गंमत अशी की जॅझमधल्या स्विंगचा राजा म्हणवला जाणारा क्लॅरोनेटवादक बेनी गुडमन, नाव-पैसा सगळं मिळाल्यावर, चाळिशीत याच केलकडे शिकायला गेला आणि ओठांची पकड नव्यानं बसवून घेतली. जॅझमध्ये न्यू ऑर्लिन्सच्या सिडनी बेशेचा कंप तर इतका जोरकस की दोन सेकंदांत माणूस ओळखू येतो. मोझार्टनं १७९१ मध्ये क्लॅरोनेटसाठी लिहिलेल्या कॉन्चेर्टोचा (एक वाद्य पुढे, मागे ऑर्केस्ट्रा अशी रचना) मधला संथ भाग आधी लाइस्टरचा ऐका, मग केलचा. एका संध्याकाळचं काम आहे. दोन्ही आवडले तर उत्तम, पण दोन्हींतला फरक बोट ठेवून दाखवता येईपर्यंत पुढे जाऊ नका.

आता वाद्याचा स्वभाव. बासरीत तीच बोटं ठेवून जोर दिला की सा चा वरचा सा येतो. क्लॅरोनेटमध्ये तसं नाही. अंगठा आणि डाव्या हाताची तीन बोटं झाकून सा धरा आणि तीच बोटं ठेवून रजिस्टर की, म्हणजे डाव्या अंगठ्याजवळची सूर वर नेणारी चावी, दाबा, येतो तो थेट वरच्या सप्तकातला पंचम. नळी सरळ आणि एका टोकाला बंद असल्यासारखी वागते, त्यामुळे हे होतं. त्याचा आपल्याशी संबंध असा की खालचे आणि वरचे सूर ओठाला सारखे दाद देत नाहीत. खालचे जाडे सूर हट्टी, ओठ कितीही सैल करा, ते फारसे हलत नाहीत. रजिस्टर की लावल्यावरचे सूर मऊ, थोडा जबडा सोडला की लगेच खाली येतात. मधले गळ्याचे सूर, म्हणजे बोटं जवळजवळ सगळी उघडी असतात ते, हवे त्यापेक्षा जास्त हलतात आणि त्यांचा आवाजही पातळ. म्हणजे एकच हालचाल तिन्ही ठिकाणी केलीत तर खाली कंप ऐकूच येणार नाही आणि मध्ये बोकड.

दुसरी गोष्ट, सूर खाली उतरवणं सोपं, वर चढवणं जवळजवळ अशक्य. ओठ आवळून वर ढकलायला गेलात तर रीड (माउथपीसवर बांधलेली, फुंकीनं थरथरणारी पातळ पट्टी) मिटते, आवाज चेपतो आणि चीं करून किंचाळतो. म्हणून क्लॅरोनेटचा कंप सुराच्या खालीच असतो. सूर हे छत, त्याच्या खाली झोका.

तिसरी गोष्ट बासरीवाल्यांकडून येणाऱ्यांसाठी. ते पोटातून फुंकीला हेलकावे देतात आणि बासरीवर ते शोभतं, कारण जोरात फुंकलं की बासरीचा सूर मोठाही होतो आणि चढतोही. क्लॅरोनेटवर उलटं आहे, जोरात फुंकलं की सूर थोडा उतरतो. मोठेपणा एकीकडे, स्वर दुसरीकडे, दोघं एकमेकांना खातात आणि ऐकणाऱ्याला वाटतं की वाजवणाऱ्याला धाप लागलीय. म्हणून मी पोटाला हात लावू देत नाही. फुंक सरळ, न तुटणारी. हलायचं ते फक्त खालच्या जबड्यानं. गळा आवळूनही कंप येतो, पण एकदा लागली की ती खोड सुटत नाही. माझ्याकडे एक पोरगा तसाच आला होता, त्याचं सोडवायला पावसाळा गेला.

सामानात फार काही लागत नाही. रीड अडीच नंबरची घ्या. तीनची लाकडासारखी बसली तर जबडा दुखेपर्यंत हलवूनही सूर ढिम्म, आणि दीडची पिचकी रीड असेल तर न हलवताच हलते. खालच्या दातांनी ओठ आतून सोलवटत असेल तर सिगारेट वळायचा पातळ कागद दोन-तीन घड्या करून दातांवर ठेवा. फोनवर एक तानपुरा, एक मेट्रोनोम (ठरल्या वेगानं ठोके देणारा) आणि एक ट्यूनर (सूर किती चढला-उतरला ते दाखवणारा) घ्या. आपलं नेहमीचं क्लॅरोनेट बी फ्लॅटचं असतं. त्यावर वर सांगितलेला सा, म्हणजे कागदावर लिहिलेला सी, वाजवला की हार्मोनियमची काळी पाच ऐकू येते. तेव्हा तानपुरा काळी पाचवर लावा. पोरं पांढरी एकवर लावून बसतात आणि माझं वाद्य बेसूर आहे म्हणून तक्रार करतात.

पहिले तीन आठवडे सूर हलवायचा नाही. हे ऐकून निम्मी पोरं तोंड वाकडं करतात. वस्ताद मला वाईच्या घाटावर पहाटे बसवायचे आणि समोर कृष्णेचं पाणी दाखवून म्हणायचे, असं सपाट वाजव. पाणी काही सपाट नसायचं, पण मुद्दा कळायचा. एक सूर, बारा सेकंद, तानपुऱ्यात विरून जाईल असा. ट्यूनरचा काटा पाच सेंटच्या (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) आत राहिला पाहिजे, सुरुवातीला, मध्ये आणि फुंक संपताना. संपताना तो चढतो. सगळ्यांचा चढतो, कारण आवाज लहान होत जातो तसा क्लॅरोनेटचा सूर वर सरकतो. तिथे ओठ अगदी किंचित सैल करून तो धरून ठेवायचा. हे सैल करणं लक्षात ठेवा, पुढे त्याचाच कंप होणार आहे. ज्याचा सरळ सूर डळमळतो त्याचा कंप म्हणजे डळमळीवर चढवलेली झालर.

मग सूर वाकवायचा. रजिस्टर की, अंगठा, डावी तर्जनी आणि मधलं बोट, हा वरचा धैवत (तोच काळी पाचचा सा धरून). तो मोठ्या आवाजात लावा. बोट न हलवता, फुंक न तोडता, खालचा जबडा हळूहळू सोडा, जीभ तोंडात थोडी मागे आणि खाली जाऊ द्या. सूर घसरायला लागेल. अर्धा स्वर खाली, म्हणजे कोमल धैवतापर्यंत नेऊन तितक्याच हळू परत आणा. पहिल्या दिवशी सूर मधेच तुटेल किंवा खालच्या सप्तकात कोसळेल. कोसळला तर जबडा जास्त सोडलात, ढिम्म राहिला तर दात रीडवर रोवलेत. वरचे दात माउथपीसवर तसेच टेकलेले राहतात, हलतो तो खालचा भाग. दहा मिनिटांपेक्षा जास्त करू नका. ओठाचा स्नायू दमला की तो चावायला लागतो, आणि चावायची सवय दहा मिनिटांत लागते.

सूर तुमच्या सांगण्यानं खाली-वर जायला लागला की मेट्रोनोम ६० वर लावा. एका ठोक्याला एक बुडी: खाली, वर. तोंडात "यांव, यांव" म्हणतोय असं समजा, पण न म्हणता. आठ ठोके. मग एका ठोक्याला दोन. मग तीन. मग चार. चारपर्यंत येईपर्यंत बुडी आपोआप उथळ होते, तशी होऊ द्या. अर्ध्या स्वराची बुडी फक्त शिकण्यापुरती. खऱ्या वाजवण्यात ट्यूनरवर पंधरा-वीस सेंट खाली जाऊन आलात तरी भरपूर. चार जमले की मेट्रोनोम रोज थोडा थोडा चढवा. ७५ वर चार म्हणजे मिनिटाला ३००, सेकंदाला पाच. तिथे थांबा. त्याच्या पुढचा वेग मी शिकवत नाही, तो ज्याचा त्यानं शोधायचा.

या मोजलेल्या कंपाचा पोरांना कंटाळा येतो आणि खरं सांगायचं तर तो ऐकायलाही वाईटच असतो, शिलाई मशीन चालल्यासारखा. पण मोजून आलेला कंपच हवा तेव्हा बंद करता येतो. माझा पहिला कंप कसा आला ते मलाच माहीत नव्हतं, त्यामुळे तो थांबवायचा कसा तेही माहीत नव्हतं. आईच्या त्या वाक्यानंतर मी चार महिने थांबवायलाच शिकत होतो.

हे सगळं आरशासमोर करा. हनुवटी सपाट हवी. तिच्यावर संत्र्याच्या सालीसारखे खड्डे पडले तर ओठ गोळा होतोय. गाल फुगता कामा नयेत. नववीतली एक मुलगी माझ्याकडे येते, तिचा कंप कानाला अगदी बरोबर, पण सगळं वाद्य मान डोलावल्यासारखं वर-खाली व्हायचं. जबडा जागेवर आणि हलतोय तो उजवा अंगठा, ज्यावर वाद्याचं वजन असतं. तिला आठवडाभर क्लॅरोनेटची बेल, म्हणजे खालचं पसरट तोंड, गुडघ्यांत धरून वाजवायला लावलं. वाद्य हलायची सोयच राहिली नाही, मग जबडा आपोआप कामाला लागला.

आता आंदोलन. ते जबड्यानं करू नका. जबड्याचा झोका गोल आणि वेगाचा असतो. दरबारीच्या गंधाराला लागतो तो रिषभाला टेकत टेकत येणारा जड हेलकावा. तो बोटात आहे. खालच्या सप्तकात डावा अंगठा आणि तर्जनी झाकली की शुद्ध गंधार. मधलं बोट पूर्ण झाकलं की रिषभ. या दोघांच्या मध्ये, मधलं बोट भोकावर अर्धवट, तिरकं, जणू तव्यावर हात धरून ताप बघतोय असं, तिथे दरबारीचा गंधार राहतो. बोट भोकाच्या कडेनं आत-बाहेर सरकवा, उचलू नका. अडचण रिंगेची. बोएम पद्धतीच्या, म्हणजे आताच्या नेहमीच्या चाव्यांच्या, वाद्यात भोकाभोवती रिंग असते, ती दबली की तिला जोडलेली पॅड, म्हणजे दुसरं भोक झाकणारी गादी, बंद होते आणि सूर पायरी चुकल्यासारखा पडतो. म्हणून बोटाचा मऊ भाग आधी आणि दाब सगळ्यात शेवटी. जुन्या, कमी रिंगांच्या क्लॅरोनेटवर हे जास्त सुखानं होतं. माझं पहिलं तसलंच होतं, आणि ते विकल्याचं मला अजून वाईट वाटतं. हे बोटाचं काम महिनाभराचं नाही, काही वर्षांचं आहे, आणि त्यासाठी क्लॅरोनेटवाल्यापेक्षा गाणाऱ्यासमोर बसलेलं बरं.

कुठे हलवायचं हा सगळ्यात भांडणाचा विषय, आणि इथे माझं मत माझं आहे. मी सा आणि पंचम हलवत नाही. आपल्याकडे हे दोन सूर अचल मानले आहेत, कोमल-तीव्र होत नाहीत, मग जबड्यानं तरी त्यांना का छेडायचं? शिवाय तानपुऱ्यात तेच दोन सतत वाजत असतात. तुमचा हललेला सा त्या न हललेल्या सा शेजारी लगेच उघडा पडतो. गंधार, धैवत, निषाद यांवर थांबलो तर हलवतो. पाश्चात्त्य चीज वाजवत असाल तर हा नियम सोडा, तिथे सा नावाचं असं स्थान नसतं.

छोट्या सुरावर कंप नाही. एका मात्रेपेक्षा कमी सूर हलवला की तो चुकल्यासारखाच वाटतो. चार मात्रांचा सूर असेल तर पहिल्या दोन मात्रा सरळ, मग उथळ कंप सुरू, हळूहळू थोडा खोल, आणि सोडायच्या आधी पुन्हा सरळ. इब्राहिम मास्टरांच्या तबकड्या पुढे पुन्हा नीट ऐकल्या तेव्हा जाणवलं की गोडवा हलण्यात कमी आणि हलायच्या आधी थांबण्यात जास्त होता. पहिल्यांदा ऐकताना मी फक्त शेवट उचलला होता.

बँडमध्ये दोन-तीन क्लॅरोनेट एकच ओळ वाजवत असतील तर कुणीच कंप घेऊ नका. एकाचा पाचचा वेग, दुसऱ्याचा सहाचा, दोन्ही एकमेकांवर आपटतात आणि सगळा सूर गढूळ होतो. एकट्याची ओळ आली की हवं तेवढं करा. वरातीत तर करूच नका. शेजारी ढोल-ताशा असताना पंधरा सेंटची बुडी कुणाच्या कानापर्यंत पोचणार? मग माणूस ती ऐकू यावी म्हणून खोल करत जातो, घरी येईपर्यंत ओठ सुजतो आणि सवय बिघडते. आमच्यात एकजण होता, लगीनसराई संपली की त्याचा कंप दुप्पट झालेला असायचा, आणि आषाढात तो पुन्हा निम्म्यावर यायचा. रस्त्यावर सरळ आणि भरीव सूरच लांब जातो. थंडीतल्या पहाटेच्या वरातीत वाद्य गार असतं, सूर आधीच उतरलेला असतो, त्याला आणखी खाली कशाला ओढायचं?

तपासायची रीत शेवटची. वाजवताना स्वतःचा कंप नीट ऐकू येत नाही, कारण वरच्या दातांतून माउथपीसचं कंपन थेट डोक्यात जातं. फोन दहा फुटांवर ठेवून चार लांब सूर आणि एखादा मुखडा भरून घ्या. लगेच ऐकू नका, हात गरम असेपर्यंत आपलं सगळंच बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी फोन स्वयंपाकघरात लावून ठेवा आणि तुम्ही ओसरीवर येऊन बसा. आतलं माणूस आपल्या कामात असू द्या, काही सांगू नका. आतून काहीच विचारणा झाली नाही तर जसं चाललंय तसं चालू द्या. कुणी हाक मारून काही विचारलंच, तर बुडी निम्मी करा आणि मेट्रोनोम पुन्हा ६० वर आणा.